अडतिसाव्या पानावरची बाई

१

पुस्तक साडेदहाला छपाईला जायचं होतं. दहा वाजून पाच मिनिटांनी कळलं, की त्यातले फोटो नाहीसे झाले आहेत.

आता फोटोंच्या पुस्तकातून फोटोच गेले म्हणजे राहिलं काय, तर पानांचे आकडे. प्रकाशन चालवणाऱ्या बाई खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या होत्या. खुर्चीत पानं लावणारे दादा, मान नेहमीसारखी डावीकडे कलती करून पडद्याकडे बघत बसले होते. पडद्यावर एकशे बेचाळीस फोटोंची यादी होती आणि नावांपुढे लाल प्रश्नचिन्हांची रांग लागली होती.

"पण पानावर तर दिसताहेत की फोटो!" बाई म्हणाल्या.

"ती नुसती छबी आहे, बाई. जवळून बघा." दादांनी एक फोटो मोठा केला. माणसाच्या तोंडाचे करडे चौकोन झाले. "खरा फोटो पानाच्या फाइलमध्ये नसतोच. ही धुरकट छबी असते आणि खरा फोटो कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलाय त्याचा पत्ता. छापायच्या वेळी फाइल त्या पत्त्यावर जाते आणि फोटो घेऊन येते. आज गेली, तर तिथे फोल्डरच नाही."

"आणि माझ्या खणातली डिस्क? तिच्यावर प्रत होती ना?"

डिस्क आणून जोडली. तिच्यावर जुन्या शालेय पुस्तकांची पानं काठोकाठ भरलेली होती, आणि मशिनवर फोल्डरच्या जागीही तीच. फोटो पुसून त्याच जागेवर दुसरं काही भरलं, की पुसलेलं परत येत नाही; दुरुस्तीवाल्याने फोनवरच हात वर केले.

मागच्या टेबलावर एक माणूस मात्र मुकाट्याने बसून होता. हे मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात यांची तीस वर्षं गेली. हातातल्या भिंगामुळे सगळे त्यांना भिंगकाका म्हणत, आणि तेही आता या नावालाच ओ देत. बाईंचं पुस्तक बुडत होतं, पण भिंगकाकांचं त्याहून जास्त काहीतरी बुडालं होतं, आणि ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

हातमोज्यांच्या कारखान्यावरचं पुस्तक होतं ते. आता हयात नसलेल्या एका छायाचित्रकाराने वर्षानुवर्षं तिथे काढलेले फोटो, आणि शेवटी एकोणीस वर्षांपूर्वीची आग. दुसऱ्या मजल्यावर सतरा बायका जळून गेल्या, कारण मागच्या लोखंडी जिन्याचं दार उघडलं नाही. चौकशी झाली. मजल्याच्या मुकादमबाई दोरा आणायला खाली गेल्या होत्या म्हणून वाचल्या, आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला सापडला. एवढं पुरलं. त्या मुकादमबाई म्हणजे भिंगकाकांची थोरली बहीण, आक्का. गल्लीतली पोरं तिला अजून कुलूपबाई म्हणत. एकोणीस वर्षांत तिने घराच्या दाराला कुलूप लावलं नव्हतं, साधी कडीसुद्धा नाही.

आणि काल दुपारी साडेतीनच्या चहाला मुखपृष्ठ करणारी मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "काका, एकशे बाराव्या पानावर तो जळत्या इमारतीचा फोटो आहे ना, धुळीचे ठिपके काढायला मी तो खूप मोठा केला. जिन्याच्या दाराला बाहेरून काहीतरी लटकतंय."

बाहेरून. आक्काच्या किल्ल्या आतल्या कुलपांच्या होत्या. बाहेरून कुलूप असेल, तर ते लावणारा दुसरा कुणीतरी होता.

भिंगकाकांनी तेव्हाच उठून बघायला हवं होतं. पण हातातला कप थरथरायला लागला आणि ते म्हणाले, "उद्या मोठा प्रिंट काढून नीट बघू." घरी जाऊन आक्कालाही बोलले, उद्या तुला एक गोष्ट दाखवतो. आणि आता हे.

"काका," बाई म्हणाल्या, "एक स्वल्पविराम हरवला तरी तुमच्या घशाखाली घास उतरत नाही. हे तुम्हीच शोधा. पोलिसांना काय सांगू, फोल्डर हरवलंय म्हणून?"

भिंगकाकांनी भिंग उचललं आणि पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत मोजली. मग पुन्हा मोजली.

फोटो एकशे बेचाळीस होते. लाल खुणा एकशे एक्केचाळीस होत्या.

२

पण आधी माणसं. काल साडेतीन ते सहा या वेळात ऑफिसात बाई, मुखपृष्ठवाली, दादा आणि चार वाजता आलेला छायाचित्रकाराचा पुतण्या, एवढेच होते. भिंगकाका पाचला घरी गेले होते.

मुखपृष्ठवाली जिन्याच्या वळणावर रडत सापडली.

"माझ्यावरच येणार ना सगळं? डिस्क मीच मागितली होती काल, बाईंच्या खणातून."

"कधी?"

"सकाळी. बारा वाजता परत ठेवली. त्या खणाला कुलूप कुठे असतं! कुणीही घ्यावं."

"तुझं आणि बाईंचं मुखपृष्ठावरून वाजलं होतं."

"वाजलं होतं, काका. म्हणून काय मी सतरा बायकांचे फोटो पुसू? मीच तर तुम्हाला ते सांगितलं. पुसायचंच असतं तर तोंड कशाला उघडलं असतं?"

यात तथ्य होतं. भिंगकाकांनी आवाज खाली आणला. "ते जे लटकत होतं, ते कुलूप होतं का?"

मुलगी म्हणाली, "कुलूप असेल. नाहीतर निगेटिव्हवरचा डाग असेल. शपथेवर विचाराल तर मला नाही सांगता येणार."

भिंगकाकांच्या मशिनवर पानांच्या फाइलची एक प्रत होती, काल तीन वाजताची. मुद्रितशोधकाला फक्त पानं मिळतात. त्याने अक्षरं बघायची, फोटोंशी त्याला काय करायचंय? त्यांनी एकशे बारावं पान काढून जिन्याचं दार मोठं केलं. चार करडे चौकोन, मध्ये एक काळा. भिंग लावलं तेव्हा तोच काळा चौकोन मोठा दिसला, एवढंच.

बराच वेळ ते त्या चौकोनाकडे बघत राहिले. त्यात काही नव्हतं आणि आता काही असणारही नव्हतं. मग मागून कुणीतरी चहा आणून ठेवला.

"घ्या काका," दादा म्हणाले. "आक्का कशा आहेत?"

३

रोज सकाळी हे विचारणारा ऑफिसात हा एकच माणूस होता. दादांची स्वतःची बायको त्या आगीत गेलेली. तेव्हा ते कारखान्यात पॅकिंगला होते, असं ते सांगत. नंतर कॉम्प्युटर शिकून पानं लावायला लागले आणि आईविना पोर वाढवली. असा माणूस जिच्यावर आळ आला तिची रोज खुशाली विचारतो म्हटल्यावर भिंगकाकांना त्यांच्याबद्दल काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको. सहा वर्षांपूर्वी ऑफिसात काकांना ताप भरला, तर दादांनीच त्यांना घरापर्यंत सोडलं. दार उघडंच होतं, पण उंबरा काही ओलांडला नाही. संकोची माणूस, असं काका तेव्हा म्हणाले होते.

पुतण्या दुपारी आला तो तणतणतच.

"माझ्या काकांचं आयुष्यभराचं काम तुमच्या ताब्यात दिलं आणि तुम्ही ते फुंकून टाकलंत!"

"तुमच्याकडे प्रत असेलच," भिंगकाका म्हणाले.

पुतण्याचा पारा एकदम उतरला. "नाही. ती डिस्क मी पुसून बहिणीच्या लग्नाचं चित्रीकरण भरलं तिच्यावर. तुमच्याकडे आहे म्हटलं."

"निगेटिव्ह?"

"बुरशी आली होती. घरात वास मारत होता. स्कॅन झाल्यावर... टाकून दिल्या."

म्हणजे उरलं काहीच नव्हतं.

"कारखान्याच्या मालकाकडची माणसं भेटली होती तुम्हाला?"

"भेटली होती. पुस्तक मागे घ्या म्हणाले. मी साफ नाही म्हटलं. मागे घ्यायचंच असतं तर एका सहीचं काम होतं हो, फोटो माझ्या मालकीचे आहेत. चोरी कशाला करू?"

"काल चार वाजता कशाला आला होतात?"

"पानं बघायला. दादांनी दाखवली. तुमच्या बाई मध्येच माऊस धरायला गेल्या आणि सगळं पान उलटं करून बसल्या."

ते खरंच असणार. बाई माऊस इस्त्रीसारखा धरत. आणि पुतण्याला पानांची फाइल उघडताही येत नव्हती. भिंगकाकांनी दोघांच्या नावांवर मनात काट मारली आणि शेवटी ते त्या एकाच फोटोकडे वळले, ज्याच्यापुढे लाल खूण नव्हती.

पान अडतीस. त्यांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला. चौकोन आले नाहीत. फोटोतल्या एका बाईच्या भुवईचा एकेक केस दिसत होता.

४

लोखंडी जिन्याच्या माथ्यावर चार बायका डबे उघडून बसल्या होत्या. तिघी आपापल्या डब्यात बघत होत्या. चौथी, तिशीच्या आतली, घास हातात धरून फ्रेमच्या उजवीकडे कुणाकडे तरी बघत खळखळून हसत होती. इतकी, की फोटोतून आवाज येईलसं वाटावं.

हा फोटो वाचला कसा? भिंगकाकांनी मुखपृष्ठवालीला बोलावलं.

तिने यादी बघून लगेच सांगितलं, "हा पोटात घेतलाय."

फोटो बाहेर फोल्डरमध्ये न ठेवता सगळाच्या सगळा पानाच्या फाइलमध्ये भरून टाकायचा, त्याला ऑफिसात पोटात घेणं म्हणत. फाइल जड होते, म्हणून इथे त्याला सक्त मनाई होती. ही मुलगी नवी आली तेव्हा सवयीने तसं करायची आणि दादांची बोलणी खायची.

"तू घेतलास?"

"नाही हो. आतली पानं दादांची. आणि घेतला असता तर एकच का घेतला असता?"

हाच खरा प्रश्न होता. भिंगकाकांनी स्वतःची काल तीनची प्रत उघडली. तिच्यात अडतिसाव्या पानावरचा फोटो बाकीच्या फोटोंसारखाच बाहेर होता. म्हणजे तीननंतर कुणीतरी मुद्दाम हा एक फोटो पानात घेतला आणि मग फोल्डर पुसलं. हे चुकून होत नाही. फोटो निवडावा लागतो, आज्ञा द्यावी लागते, फाइल पुन्हा सेव्ह करावी लागते.

म्हणजे चोराला एक फोटो नको होता, तो एकशे बाराव्या पानावरचा. नेमका तेवढाच गेला असता तर बोट लगेच तिकडे गेलं असतं, म्हणून सगळेच घालवले. आणि एक फोटो त्याला जाऊ द्यायचा नव्हता. मग तो हातचा राखला.

हे काम बाईंना येत नाही, पुतण्याला येत नाही. येतं फक्त दोघांना. मुलीनेच तर ते लटकणारं काहीतरी दाखवलं होतं. राहिले दादा.

भिंगकाकांनी भिंग खाली ठेवलं. हे काहीतरी भलतंच होतं. त्या आगीत ज्याची बायको गेली, त्याला तर खरं काय ते सगळ्यांच्या आधी हवं असणार. आपल्या डोक्यावर परिणाम झालाय असं त्यांना वाटलं, आणि तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं.

त्यांनी पानाचा प्रिंट काढला आणि सहज विचारल्यासारखं दादांपुढे धरला.

"दादा, ही कोण हो? तुम्ही होतात ना तिथे."

दादांनी कागदाकडे पाहिलं, एखादा सेकंद. मान डावीकडे कलली.

"काय माहीत, काका. खूप बायका होत्या."

५

आक्का खिडकीशी बसून काकांच्या सदऱ्याला बटण लावत होती. काकांना भरदुपारी दारात बघून तिने सुई तशीच धरून ठेवली.

"काय दाखवणार होतास?"

"ते... राहिलं. आधी हे बघ. यातली ही हसणारी कोण?"

आक्काने कागद लांब धरला, मग जवळ आणला. तिच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही.

"ही होय. खिडकीजवळ तिसरं मशीन हिचं. भारी हसरी होती, कामात शिवण चुकायची आणि हसतच उसवायची. गेटवरच्या माणसाची बायको. चार वर्षांची पोर होती तिला. गेली ही त्यात."

"गेटवरचा माणूस?"

"हो. जेवणाच्या सुट्टीत किल्ल्या घेऊन वर यायचा. हा बघ, त्याच्याकडेच बघून हसतेय ती. तो इथे उभा असणार." आक्काने कागदाच्या उजव्या कडेबाहेर, हवेत बोट ठेवलं.

"पण किल्ल्या तर तुझ्याकडे होत्या ना?"

आक्काने मान वर करून भावाकडे नीट पाहिलं.

"आतल्या," ती म्हणाली.

भिंगकाका ताडकन उठले. कागदाच्या कडेबाहेर! तीस वर्षं पानं बघितली आणि एवढं सुचू नये? आक्का पुढे काहीतरी सांगत होती, "तुला मी तेव्हाच..." असं काहीतरी, पण काकांनी एव्हाना पायात चपला सरकवल्या होत्या.

"आल्यावर ऐकतो गं," असं म्हणत ते रस्त्याला लागले.

६

पानावर फोटो लावतात तो चौकटीत लावतात. चौकट लहान केली की फोटोची कड दिसेनाशी होते. पण जात नाही. ती चौकटीमागे असतेच. आणि पोटात घेतलेला फोटो तर अख्खा आलेला असतो.

दादा जेवायला गेले होते. भिंगकाकांनी अडतिसावं पान उघडलं, चौकटीची उजवी कड माऊसने धरली आणि ओढली.

जिन्याचं दार आलं. दाराबाहेरच्या कडीत अडकवलेलं मोठं कुलूप आलं. मग एक तरुण माणूस, खांबाला टेकलेला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. दाट मिशा, अंगावर गेटकीपरचा खाकी कोट. मान डावीकडे कलती करून तो त्या हसणाऱ्या बाईकडे बघत होता.

"मीच ती चौकट लहान केली होती," मागून आवाज आला.

दादा डबा हातात घेऊन उभे होते. खाली छपाईयंत्रावर दुसरंच कुणाचं तरी काम सुरू झालं होतं आणि फरशीला त्याचे हादरे बसत होते.

"पॅकिंगला होतात म्हणालात."

"म्हणालो."

"फोटो पुसायच्या आधी हा तरी कापून ठेवायचात."

"कापायला तो उघडावा लागला असता, काका. तिला उघडून तिच्यावर कात्री चालवायची, ते नाही जमलं. माझ्याकडे तिचा दुसरा फोटो नाही, आणि हा घरी न्यावा तर मुलगी मला किल्ल्यांसकट बघणार. पुस्तकासाठी हे स्कॅन आले तेव्हा एकोणीस वर्षांनी मी तिचं तोंड बघितलं."

दादा खुर्चीत बसले आणि कुणी न विचारता सांगत सुटले. बायका सुट्टीत जिन्यावर जाऊन गप्पा मारत बसतात, उशीर करतात, म्हणून मॅनेजरने सांगितलं होतं, एक ते दोन बाहेरून कुलूप लाव. त्या दिवशी त्यांनी लावलं आणि नाक्यावर चहाला गेले. धूर दिसला तसे धावत आले.

"किल्ली हातात होती, काका. वरून त्या दार बडवत होत्या. तिचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता. तिसऱ्या पायरीपर्यंत गेलो. जिना तापला होता... चौथ्या पायरीवर पाय उचललाच नाही."

भिंगकाकांना या माणसाचा गळा धरायचा होता. तेवढ्यात कालचा थरथरणारा कप आठवला आणि हात मांडीवरच राहिले.

"आणि माझ्या बहिणीचं काय?"

"त्यांच्या कमरेला किल्ल्या सापडल्या. मला कुणी विचारलंच नाही. मी खोटं बोललो नाही, काका. गप्प राहिलो."

"आता बोला. लिहून द्या मला, एका कागदावर."

"आणि माझ्या मुलीला काय सांगू?" दादा म्हणाले. "तिच्या आईला आत कोंडून बापाने किल्ली खिशात ठेवली म्हणून? तेवीस वर्षांची आहे ती. तिला माझ्याशिवाय कुणी नाही. नाही देणार मी लिहून."

"मग हा फोटो दाखवीन. यात तुम्ही आहात, कुलूप आहे, किल्ल्या आहेत."

दादांनी पडद्याकडे बघितलं. त्यांच्या बोलण्यात जरासुद्धा उर्मटपणा नव्हता, एखादी चूक दाखवावी तितक्या हळू ते म्हणाले,

"आगीच्या महिनाभर आधीचा आहे हा, काका. यात कुलूप उघडं आहे."

७

भिंगकाकांनी बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि मग फार जपून एकेक शब्द उचलत म्हणाल्या,

"काका, दादांची बायको गेली तिथे. आणि तुम्ही... तुम्ही भाऊ आहात. लोक काय म्हणतील? बहिणीसाठी हा कुणावरही ढकलेल. मुलगी तर म्हणते डागही असेल. कशाच्या जोरावर छापू मी हे?"

"तुमचा विश्वास बसतो का, ते सांगा."

पुस्तक रद्द झालं आहे, एवढंच बाई म्हणाल्या. काकांनी अडतिसाव्या पानाचा पूर्ण प्रिंट घडी करून खिशात घातला. निघताना दादा आपल्या जागेवर बसून एका पाककृतींच्या पुस्तकाची पानं लावत होते. त्यांनी वर बघितलं नाही आणि आक्काचं नावही काढलं नाही.

घराचं दार नेहमीसारखं सताड उघडं होतं. आक्काने ताट वाढून झाकून ठेवलं होतं. भिंगकाकांनी कागद तिच्यापुढे पसरला आणि उभ्या उभ्याच सांगायला लागले. कुलूप, गेटवाला, तिसरी पायरी. सांगताना त्यांना रडू फुटलं. खरं काय ते कळलं होतं आणि त्याचा उपयोग शून्य होता. सतरांपैकी कितीजणींची घरंदारं आता कुठे होती तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

"तू निर्दोष आहेस, आक्का," ते म्हणाले. "मला आता सगळं कळलंय."

आक्काने कागद उचलून पाहिला. आधी हसणाऱ्या बाईकडे बघितलं, मग त्या माणसाकडे.

"मला ठाऊक आहे हा. सहा वर्षांपूर्वी तुला ताप आला होता तेव्हा हाच सोडायला आला होता. दाराबाहेर उभा राहिला. मी पाणी दिलं त्याला. हात असा कापत होता, की अर्धं अंगावर सांडलं."

काकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुला माहीत होतं? बाहेरून कुलूप होतं हे माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. चौकशीवाल्यांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं नाही. शेजारी सांगितलं, ते हसले. आणि त्याच दिवशी संध्याकाळी, याच खोलीत, तुला सांगितलं." आक्काने सदरा पुन्हा मांडीवर घेतला. "तू म्हणालास, आक्का, आता झोप."

भिंगकाकांना ते आठवलं. अगदी नीट आठवलं. त्यानंतर एकोणीस वर्षांत त्यांनी त्या दिवसाबद्दल तिला एक शब्द विचारला नव्हता. तिला त्रास होईल म्हणून, असं ते स्वतःला सांगत. खरं म्हणजे ती काय सांगेल याची त्यांना भीती होती.

आक्का बटणाचा शेवटचा टाका घालत होती. दोरा दातांनी तोडून तिने सदऱ्याची घडी केली, भावासमोर ठेवली आणि ताटावरचं झाकण काढलं.

"इतकी वर्षं रोज माझ्या हातचं जेवलास," ती म्हणाली, "आणि तुला फोटो लागला."